मानाची टोपी कीं उन्हाची टोपी?

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील वडील मंडळींची एक तक्रार अलीकडे वारंवार कानावर येते. पोरें बोडक्या डोक्यानें हिंडतात. लग्नाच्या मांडवांत, देवळांत, मयताच्या दारांतहि त्यांच्या डोक्यावर कांहीं नसतें. आणि असलेंच तर ती पुढें चोंच काढलेली क्याप असते, आणि तीहि कांहीं जण उलटी घालतात! "आमच्या बापजाद्यांनीं डोकें कधीं उघडें टाकलें नाहीं, आणि यांना टोपीची लाज वाटते," असें हे वडील म्हणतात. आटगांवच्या ठेसनावर सकाळच्या गाडीला उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहिलें तर या तक्रारींतील हकीगत खरी आहे, हें कोणासहि कबूल करावें लागेल. पांढरी टोपी साठीच्या पुढच्या माणसाच्या डोक्यावर. चाळिशीच्या माणसाच्या डोक्यावर कांहीं नाहीं. आणि विशीच्या पोराच्या डोक्यावर क्याप. तीन पिढ्या आणि तीन तऱ्हा.

हकीगत खरी, परंतु तिच्यावरून काढलेला निकाल खरा आहे काय, हा प्रश्न निराळा आहे. टोपी गेली म्हणून मान गेला, आणि मान गेला म्हणून गांव बुडालें, असा जो हिशेब मांडला जातो तो आम्हांस मान्य नाहीं. बहुजन समाजानें डोक्यावर काय घालावें, कमरेस काय गुंडाळावें आणि पायांत काय चढवावें, हें शेंकडों वर्षें दुसऱ्यांनींच ठरविलें. म्हणून हा विषय वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, आणि म्हणूनच आज त्यास आम्ही अग्रलेखाची जागा देत आहों.

प्रथम हें पाहूं कीं आमच्या भागांतला कष्टकरी माणूस खरोखर डोक्यावर काय घालीत होता. भाताची लावणी करतांना डोक्यावर आणि पाठीवर इरलें असे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानें बसविलेलीं. दोन्ही हात चिखलांत मोकळे राहत आणि पाऊस पाठीवरून वाहून जाई. छत्री धरणारास एक हात गमवावा लागतो. ज्यास हात चिखलांत घालावयाचेच नाहींत त्यास ती परवडते. गुरें राखणाराच्या डोक्यावर घोंगड्याची खोळ असे. उन्हाळ्यांत मुंडासें, आणि तेंच मुंडासें घाम पुसावयास, भाकर बांधावयास आणि रात्रीं उशास घ्यावयास उपयोगीं पडे. बायकांच्या डोक्यावर पदर आणि पदरावर चुंबळ. चुंबळीवर हंडा, मोळी किंवा भाताचा भारा. ही चुंबळ कोणत्याहि मानपानांत मोजली जात नाहीं, पण घराचें पाणी आणि जळण आजवर तिच्याच आधारानें आलें आहे. तानसा तलाव १८९२ सालीं बांधून झाला, पुढें भातसेचें धरण झालें, आणि या तालुक्याचें पाणी नळांतून मुंबईस गेलें. पण त्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते आणि चुंबळ कांहीं डोक्यावरून उतरत नाहीं.

हीं सर्व कामाचीं साधनें होतीं. काम बदललें तसें साधन बदललें. इरल्याच्या जागीं प्लॅस्टिकचा कागद आला. घोंगड्याच्या जागीं रेनकोट आला. मुंडाशाच्या जागीं खांद्यावरचा टॉवेल आला. तेव्हां कोणीं ओरड केली नाहीं. इरलें गेलें तेव्हां गांवाची अब्रू गेली नाहीं. मग टोपी जातांनाच ती कशी जाते? उत्तर सरळ आहे. इरलें उन्हापावसासाठीं होतें. पगडी, पागोटें आणि टोपी हीं दर्जासाठीं होतीं. जी वस्तु देहाच्या सोयीसाठीं असते ती गेल्याचें दुःख होत नाहीं, कारण तिच्याहून बरी मिळते. जी वस्तु दुसऱ्याहून आपण वर आहों हें दाखविण्यासाठीं असते, ती गेली कीं काळजास चटका बसतो.

आमच्या तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल कीं एके काळीं या देशांत पगडी पाहून जात ओळखीत, आणि जात ओळखून माणसास ओसरीवर बसवावें कीं अंगणांत उभें करावें हें ठरवीत. ब्राह्मणाच्या पगडीची घडण निराळी, शेटजीच्या पगडीची निराळी, शेतकऱ्याचें पागोटें निराळें. आणि एकानें दुसऱ्याचें घेऊं नये यासाठीं नुसत्या चालीरीतीच नव्हे, तर सरकारी सत्तासुद्धां राबविली जाई. सोनार लोक स्वतःस दैवज्ञ ब्राह्मण म्हणवूं लागले, निऱ्या काढून धोतर नेसूं लागले आणि भेटतांना 'नमस्कार' म्हणूं लागले, तेव्हां पेशवाईच्या बळावर तें बंद पाडण्यांत आलें. आणि १७७९ सालीं मुंबईच्या इंग्रज कंपनी सरकारकडूनहि तशा मनाईचा हुकूम मिळविण्यांत आला. धोतराच्या निऱ्या आणि एक साधा शब्द, यांसाठीं एवढा खटाटोप! कारागिरानें हातानें सोनें घडवावें, पण अंगावरचें धोतर कसें नेसावें हें त्याला ठरवितां येऊं नये.

ही पेशवाईची गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर १९२८ सालची गोष्ट आहे. इंदूर जिल्ह्यांतील पंधरावीस गांवांच्या कलोते, रजपूत आणि ब्राह्मण मंडळींनीं बलाई नांवाच्या अस्पृश्य जातीच्या लोकांस नियम घालून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३६ सालच्या आपल्या 'जातिनिर्मूलना'वरील प्रसिद्ध निबंधांत ही हकीगत दिली आहे. त्यांतला पहिलाच नियम काय होता? बलायांनीं जरीकांठी पगडी बांधूं नये. दुसरा नियम काय? त्यांनीं रंगीत किंवा नक्षीच्या कांठाचें धोतर नेसूं नये. पुढें त्यांच्या बायकांनीं सोन्यारुप्याचे दागिने घालूं नयेत, हेंहि होतें. नियम न मानणारांस विहिरीचें पाणी तोडलें, गुरांची चराई बंद केली. डोक्यावरच्या दोन हात जरीसाठीं माणसांस पाण्यावांचून ठेवणारे लोक वेडे नव्हते. त्यांस पक्कें ठाऊक होतें कीं ज्या दिवशीं याच्या डोक्यावर आपल्यासारखी पगडी येईल त्या दिवशीं हा आपणास खालीं वांकून जोहार करणार नाहीं. दक्षिणेंत त्रावणकोर संस्थानांत नाडार जातीच्या बायकांस छाती झांकण्याची मोकळीक मिळविण्यासाठीं कित्येक वर्षें झगडावें लागलें, आणि १८५९ सालीं महाराजांस त्यासाठीं जाहीरनामा काढावा लागला. अंगावर कापड घेण्यासाठीं जेथें जाहीरनामा लागतो, तेथें कापड म्हणजे नुसतें कापड राहत नाहीं.

म्हणूनच आमच्या चळवळीच्या आद्य पुरुषांनीं पोशाखाचा प्रश्न हातीं घेतला. १८८८ सालीं पुण्यास हरि रावजी चिपळूणकर यांनीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. शहरचे बडे लोक जरीच्या अंगरख्यांनीं आणि हिऱ्यामोत्यांनीं नटून आले. जोतीराव फुले तेथें गेले ते साध्या शेतकऱ्याच्या वेषांत. आणि राजपुत्रास त्यांनीं बजाविलें कीं या नटलेल्या मंडळींवरून या देशाची परीक्षा करूं नका, खेड्यांत जाऊन पाहा. जोतीराव तेव्हां कांहीं दरिद्री नव्हते. त्यांनीं ठेकेदारी केलेली होती आणि चांगले कपडे त्यांच्या घरीं होते. तो वेष त्यांनीं विचारानें निवडला होता. ज्या मुंडाशास दारावरचा शिपाई हटकतो, तें मुंडासें त्यांनीं राजपुत्राच्या पंक्तीस नेऊन बसविलें.

दुसरी गोष्ट महाडची. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेंत बाबासाहेबांनीं स्त्रियांस मुद्दाम वेगळा उपदेश केला. तुमची लुगडें नेसण्याची तऱ्हा आणि तुमचे कथलाचे व चांदीचे जड दागिने यांवरून तुम्ही अस्पृश्य आहांत हें लोक ओळखतात. तीं खूण पुसून टाका, स्वच्छ राहा, इतर स्त्रिया नेसतात तसें नेसा, असा त्याचा मथितार्थ होता. आणि त्या बायांनीं नुसतें ऐकलें नाहीं. तेथल्या तेथेंच नेसण्याची पद्धत बदलून दाखविली. पुष्कळांस हें विरोधी वाटेल: जोतीरावांनीं गरिबाचा वेष मिरविला आणि बाबासाहेबांनीं तो टाकावयास सांगितला. आम्हांस यांत विरोध दिसत नाहीं. दोघांनींहि एकच हक्क बजाविला. काय ल्यावें तें आम्ही ठरवूं. तुम्ही ठरविलेलें आम्ही लेणार नाहीं.

आतां ज्या पांढऱ्या टोपीसाठीं आमचे वडील हळहळतात तिची कथा ऐका. ती कांहीं बापजाद्यांची नाहीं. शिवकाळांत तर टोपी ही परक्याची खूण होती. फिरंगी-इंग्रजांस आपले लोक 'टोपीकर' म्हणत. खादीची पांढरी टोपी १९२० च्या असहकाराच्या सुमारास आली आणि गांधींच्या नांवानें ओळखली गेली. तेव्हांच्या वडील मंडळींनीं, पागोटें टाकून हें काय होडकें डोक्यावर घेतां, असें पोरांस बोलूनहि दाखविलें असेल! आमच्या ब्राह्मणेतर पक्षांतील पुष्कळांनीं तिच्याकडे प्रथम संशयानें पाहिलें, कारण ती घालून पुढें येणारांत पगडीवालेच फार होते. पण तिच्यांत दोन गुण होते ते नाकारतां येत नाहींत. ती स्वस्त होती, घरच्या घरीं धुतां येत होती. आणि तिच्यावरून जात ओळखूं येत नव्हती. वकिलाच्या आणि त्याच्या कुळाच्या डोक्यावर एकच टोपी, ही या देशांत नवी गोष्ट होती. सोलापुरांत १९३० च्या मे महिन्यांत लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हां ही टोपी घालणें हाच गुन्हा ठरला आणि लोकांनीं त्यापायीं शिक्षा भोगल्या. त्याच सुमारास केशवराव जेधे यांच्यासारखे आमचे पुढारी काँग्रेसमध्यें गेले आणि टोपी शेतकऱ्याच्या घरांत शिरली.

पुढें स्वराज्य आलें. टोपी सत्तेच्या खुर्चीवर जाऊन बसली. आणि खेड्यांतला माणूस, कोणी फसविलें म्हणजे 'त्यानें टोपी घातली' असें म्हणूं लागला. २०११ सालीं अण्णा हजारे यांच्या उपोषणाच्या वेळीं ती पुन्हां वर आली, तिच्यावर अक्षरें छापलीं गेलीं; आणि आतां प्रत्येक पक्षाची टोपी निरनिराळ्या रंगाची झाली आहे. निवडणुकीच्या सभेस ट्रकांतून नेलेल्या माणसास ती फुकट मिळते आणि परततांना तो ती ट्रकांतच टाकून येतो. अशा टोपीचा नव्या पोरांस मोह वाटत नसेल, तर दोष पोरांच्या डोक्याकडे द्यावा कीं टोपीच्या चरित्राकडे? मुंबईचे डबेवाले अजूनहि पांढरी टोपी घालतात आणि ती त्यांस शोभते. ती त्यांच्या धंद्याची खूण आहे, वक्तशीरपणाची खूण आहे. त्यांनीं ती आपल्या कामानें कमावली आहे.

पगडीचा वाद तर आमच्याच डोळ्यांदेखत झाला. पुणेरी पगडीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. जून २०१८ मध्यें पुण्याच्या सभेंत शरद पवार यांनीं यापुढें सत्कारास पुणेरी पगडी न वापरतां फुले पगडी वापरावी असें सांगितलें. आणि जानेवारी २०१९ मध्यें ज्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे त्याच्या पदवीदानाच्या वेळीं पुणेरी पगडी कां, फुले पगडी कां नाहीं, असा सवाल विद्यार्थ्यांनीं केला. सवाल रास्त होता. ज्या बाईनें शाळेस जातांना अंगावर शेणमार झेलला तिच्या नांवाच्या घरांत कोणाचें शिरोभूषण असावें, हें विचारण्याचा पोरांस पूर्ण अधिकार आहे. परंतु आमचें पुढचें म्हणणें ऐकावें. व्यासपीठावरची एक पगडी काढून दुसरी ठेवल्यानें व्यासपीठाखालीं बसलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचें ऊन कमी होत नाहीं. जोतीरावांच्या नांवाची पगडी भाड्यानें आणून पुढाऱ्याच्या डोक्यावर ठेवावी, टाळी घ्यावी, आणि जोतीरावांनीं ज्या शाळेसाठीं जीव टाकला ती पाड्यावरची शाळा गळकी ठेवावी, हा सत्कार नव्हे.

जबरदस्तीनें टोपी घालणें आणि जबरदस्तीनें ती काढणें, दोन्ही सारखींच वाईट. तुर्कस्थानांत १९२५ सालीं केमाल पाशाच्या सरकारनें कायदा करून लाल गोंड्याची टोपी बंद केली आणि सर्वांस युरोपी हॅट घालावयास लावली. त्यापायीं दंगे झाले, माणसें फांशीं गेलीं. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरांत १९२२ सालीं, उन्हाळा संपला तरी गवताची हॅट कां घातली म्हणून टोळक्यांनीं रस्त्यावरच्या लोकांच्या हॅटी हिसकावून तुडविल्या आणि त्यांतून कित्येक दिवस मारामाऱ्या झाल्या. शिकलेल्या, पैकेवाल्या शहरांत हा प्रकार! आज त्याच देशांत बहुतेक माणसें बोडक्या डोक्यानें फिरतात आणि कोणाचेंहि कांहीं बिघडलेलें नाहीं. तेव्हां पोरगा क्याप घालतो म्हणून त्याला साहेब म्हणून हिणवूं नये, आणि आजोबा टोपी घालतात म्हणून नातवानें त्यांस हसूं नये. आपल्याकडे उघडें डोकें ही सुतकाची खूण होती; त्या आठवणीनें म्हाताऱ्या माणसाचें मन दुखावतें हें आम्ही जाणतों. नातवानें मयताच्या दारीं त्या मनाचा मान राखावा. आजोबांनीं बाजारांत आणि शेतांत नातवाच्या डोक्याचा नाद सोडावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग तक्रारच उरली नाहीं, लेख संपवा. थांबा. तक्रार आहे, पण ती वडिलांनीं दाखविलेल्या जागीं नाहीं.

पहिली जागा ही कीं पोशाखावरून माणूस पायरीला लावण्याची खोड गेलेली नाहीं. गुजरात-राजस्थानाकडून, फेटा बांधून घोडीवर बसला म्हणून दलित नवरदेवास मारहाण झाल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतहि आल्या आहेत. म्हणूनच अत्याचार प्रतिबंधाच्या १९८९ च्या कायद्यांत दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलांत आली. त्या दुरुस्तींत स्पष्ट लिहिलें आहे कीं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसास सार्वजनिक ठिकाणीं नवे कपडे किंवा पादत्राणें घालण्यास, सायकल-मोटारसायकलवर बसण्यास, लग्नाची वरात काढण्यास अगर वरातींत घोड्यावर बसण्यास अडथळा करणें हा गुन्हा आहे. एकविसाव्या शतकांत नव्या कपड्यास कायद्याचें संरक्षण द्यावें लागतें, यावरून काय तें समजावें. आपल्या तालुक्यांतील ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी बांधवांनीं हें कलम ध्यानांत ठेवावें. तें त्यांच्यासाठींहि आहे. आणि इतरांनीं आपल्या मनांत डोकावून पाहावें. कचेरींत इस्त्रीची पँट घातलेला इसम आला कीं त्यास खुर्ची मिळते, आणि मळक्या टॉवेलाचा कातकरी दाराशीं उभा राहतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. पुष्कळदां त्या खुर्चीवर बसणारे आणि ती पुढें करणारे आपल्याच कुळवाड्याचे पोरगे असतात.

दुसरी जागा मुलींची. जी मंडळी पोशाखाबद्दल फार बोलतात त्यांचें बोट शेवटीं मुलींकडे वळतें. पोरगा जीन्स घालतो तेव्हां तो काळाप्रमाणें चालतो. पोरगी तीच जीन्स घालून कॉलेजास गेली कीं घराण्याचें नाक कापलें जातें. ती जीन्स कांहीं विलायतेहून आलेली नाहीं. याच रेल्वेच्या वाटेवरच्या उल्हासनगरांत ती शिवली जाते. गाडीच्या गर्दींत चढउतार करणाऱ्या मुलीस कोणता कपडा सोयीचा हें तिच्याहून कोणास अधिक कळणार? पूर्वी आपल्या आज्या कासोटा मारून लुगडें नेसत, कारण त्यांस शेतांत वांकावें लागे. त्याहि कामासाठींच नेसत होत्या. नात तिच्या कामासाठीं नेसते.

तिसरी जागा, आणि आज ही सर्वांत तांतडीची, ती आपल्या लग्नाच्या मांडवांत आहे. तिचें नांव टोपी-टॉवेल.

जी टोपी कोणी घालीत नाहीं तीच टोपी लग्नांत शेंकड्यांनीं वांटली जाते! वधूपित्यानें वरपक्षाकडील पुरुषांस टोपी-टॉवेल द्यावा, कांहींस उपरणें द्यावें, बड्या पाहुण्यांस फेटे बांधावे, पुढाऱ्यास शाल-श्रीफळ द्यावें. ती टोपी एकदां डोक्यावर टेकते, फोटो निघेपर्यंत राहते, आणि मग खुर्चीखालीं जाते. टॉवेल इतका विरळ कीं त्यांतून चंद्र दिसावा; तो पुढच्या लग्नांत दुसऱ्याच्या गळ्यांत पडतो. पण बापाच्या खिशांतून गेलेला पैसा मात्र परत फिरत नाहीं. २०० माणसांस टोपी-टॉवेल द्यावयाचा आणि जोडीस ७० रुपये पडतात असें धरलें तर १४,००० रुपये झाले. ५० फेटे भाड्यानें व बांधणावळीसह १०० रुपयांप्रमाणें धरले तर आणखी ५,०००. एकंदर १९,०००. मजुरी दिवसास ४०० रुपये धरली तर ४७ दिवसांहून अधिक राबणूक त्या टोप्यांत गेली. ज्याच्या घरीं भाताचें पीक वर्षांतून एकदां येतें आणि तेंहि पावसाच्या मर्जीवर, त्याच्या घरचे हे दिवस आहेत. हे रुपये सावकाराकडून किंवा पतपेढीकडून येतात, आणि पोरगी सासरीं नांदूं लागली, तिला मूल झालें, तरी टोप्यांचें व्याज फिटत नाहीं.

आणि पैशाहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. ही टोपी सर्वांस मिळत नाहीं. कोणास फेटा, कोणास टोपी, कोणास नुसता टॉवेल, आणि कोणास कांहींच नाहीं, याची याद्या करून वांटणी होते. मांडवाच्या मेढी ज्यानें रोविल्या, लांकडें ज्यानें फोडलीं, भांडीं ज्यानें घांसलीं, त्या कातकऱ्याचें नांव यादींत नसतें. विधवा बाई मुलीची सख्खी मावशी असली तरी तिला कुंकू लागत नाहीं, ओटी भरली जात नाहीं. ती स्वयंपाकघरांत बसते. यादींत ज्याचें नांव चुकलें तो भाऊबंद रुसतो आणि दहा वर्षें बोलत नाहीं. ज्या पगडीनें पायऱ्या लावल्या म्हणून आपल्या वाडवडिलांनीं चळवळ केली, तीच पगडी आपण हौसेनें, कर्ज काढून, आपल्याच मांडवांत बांधीत आहों. येथें कोणा भटजीस दोष देतां येणार नाहीं. सत्यशोधक समाजानें १८७३ पासून भटजीवांचून आणि थोड्या खर्चांत लग्नें लावून दाखविलीं. त्या परंपरेचा वारसा सांगणारांनीं भटजीची दक्षिणा वांचविली आणि ती टोपीवाल्या व्यापाऱ्यास दिली, तर त्यांत शेतकऱ्याचें काय साधलें?

एक आक्षेप येईल कीं यानें शिंपी, विणकर, कारागीर यांच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. आमचे निम्मे वाचक कारागीर आहेत. परंतु विचार करा. लग्नाच्या टोप्या आणि टॉवेल गांवचा शिंपी शिवीत नाहीं किंवा गांवचा विणकर विणीत नाहीं. ते यंत्रावर गठ्ठ्यांनीं निघतात आणि ठोक व्यापाऱ्याकडून येतात. तयार कपड्यानें गांवचा शिंपी आधींच बसविला आहे. मानाच्या टोपीनें तो उठत नाहीं. तो उठेल कशानें? वधूपित्यानें वांचलेल्या रुपयांतून धाकट्या मुलीचे शाळेचे दोन जोड त्याच्याकडून शिवून घेतले तर. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यांत म्हसोबाची जत्रा भरते आणि तेथें घोंगडीवाले लांबलांबून माल घेऊन येतात. मानाचे शंभर टॉवेल वांटण्यापेक्षां नवरानवरीस एक चांगलें लोंकरीचें घोंगडें दिलें तर विणणाराची मजुरी निघेल, आणि तें घोंगडें नातवंडांच्या अंगावरहि पडेल. चांभाराकडून एक दणकट जोडा घेतला तर त्याचेंहि तसेंच.

आतां उन्हाच्या टोपीकडे वळूं. आमच्या तालुक्यांतून शेंकडों कातकरी-ठाकूर कुटुंबें दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. चैत्र-वैशाखाचें ऊन, समोर भट्टीची धग, आणि डोक्यावर विटा. त्या बाईच्या व त्या पोराच्या डोक्यावर काय आहे हें कोणी मानाच्या यादींत लिहीत नाहीं. रस्त्याच्या कामावर, गुदामाच्या बांधकामावर, वैशाखांत शेतावर, उघड्या डोक्यानें राबणारा माणूस उन्हानें चक्कर येऊन पडतो. ज्यास तुम्ही चोंचीची क्याप म्हणून हसतां तिची चोंच डोळ्यांवरचें ऊन अडविते. पण मान आणि कान उघडे राहतात. त्याहून चोहोंकडून कांठ असलेली सुती टोपी बरी. आणि तीहि नसेल तर आजोबांचें ओलें केलेलें सुती मुंडासें सर्वांत बरें. येथें आजोबांचें शहाणपण खरें आहे आणि नातवानें तें उचलावें. पांढरी टोपी मात्र उन्हास निरुपयोगी आहे. तिला ना कांठ, ना सांवली.

तेव्हां आमची शहापूर-मुरबाडच्या शेतकरी, कारागीर आणि मजूर बंधुभगिनींस विनंती आहे. येत्या लग्नसराईंत टोपी-टॉवेल देऊं नये आणि घेऊं नये. घेणारानें आधीं नाकारावें, कारण देणारास नाकारण्याचें बळ नसतें. वरपिता बोलला तरच वधूपिता सुटतो. मान द्यावयाचा तर मांडवांत येणाऱ्या प्रत्येकास, पुरुषास व स्त्रीस, सधवेस व विधवेस, पाहुण्यास व मेढी रोवणारास, एकच फूल आणि एकच नमस्कार द्यावा. फेटा बांधावयाचाच तर तो नवरदेवास बांधावा. आणि तो नवरदेव कोणत्याहि जातीचा असो, त्याच्या वरातींत सबंध गांवानें चालावें. वीटभट्टीच्या मालकानें, ठेकेदारानें आणि सधन शेतकऱ्यानें आपल्या गड्यास व बायांस उन्हाळ्याच्या सुरुवातीस डोक्यास सुती कापड, पिण्यास पाणी आणि दुपारीं सांवलींत विसांवा द्यावा. हा उपकार नव्हे, कामाचें हत्यार आहे. आणि कचेरींत, शाळेंत, देवळांत व ग्रामसभेंत कोणाच्याहि अंगावरचें कापड पाहून त्याची जागा ठरवूं नये.

हें सर्व एका घरानें करूं गेल्यास तें घर कंजूष ठरतें; सबंध गांवानें केल्यास ती रीत होते. म्हणून तें गांवानें करावें. आटगांवानें आणि आसपासच्या गांवांनीं येत्या ग्रामसभेंत टोपी-टॉवेल बंदीचा ठराव मांडावा. ठराव मांडणारांत बाया असाव्या, कारण कर्जाचा चटका घरांत त्यांनाच अधिक बसतो. जें गांव किंवा जो पाडा असा ठराव करील आणि पहिलें लग्न त्याप्रमाणें लावील, त्यानें आम्हांस चार ओळी लिहून कळवावें. त्याचें नांव आम्ही याच स्तंभांत आनंदानें छापूं.